वीतभर खाली घेतलेला ट्रक

मला ट्रकबद्दल विचारा, टायरबद्दल विचारा, दिवसभर सांगत बसेन. माणसांबद्दल विचाराल तर मी ठोंब्या. हे मी नम्रपणे वगैरे म्हणत नाही, खरं तेच सांगतो. जी गोष्ट सांगायला बसलो आहे ती त्या ठोंबेपणाचीच आहे आणि आजवर ती मी कोणाला पुरी सांगितलेली नाही. बायकोला माहीत आहे, पण तिनंही कधी वर काढली नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखाली. माझ्याजवळ एक जुना ट्रक होता, दोन मालकांनी पिळून काढलेला, मी तिसरा. तो नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणीवर लावला होता. खाणीतून निघालेला माल भरायचा, रेल्वेच्या सायडिंगवर नेऊन टाकायचा, रिकामा परत आणायचा. मालक मी, ड्रायव्हर मी आणि शिव्या खाणाराही मीच. माल भरायला बायांची टोळी होती, आठ जणींची. त्या आठांतली एक माझी सख्खी मोठी बहीण.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी चालायला लागलो आणि आई गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. कडेवर मी आणि डोक्यावर पाण्याची गुंडी, असं तिचं लहानपण गेलं. नवरा लग्नानंतर काही वर्षांनी कुठंतरी निघून गेला तो आलाच नाही. चार बाळंतपणं झाली, जगली एकच पोरगी, ती लग्न होऊन बालाघाटकडे गेली. ताई आमच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायची, पण चूल तिची वेगळी. मी किती डोकं फोडलं, "ये ना आमच्यात, एक ताट जास्त काय जड आहे का?" ती म्हणे, "भावाच्या घरी सनाले जाव, रोजच्या भाताले नाई." झालं. तिच्यापुढे बोलायची माझी काय टाप!

भरणं म्हणजे काय ते आधी सांगतो. ट्रकचा डाला, म्हणजे माल टाकायची जागा, जमिनीपासून बाईमाणसाच्या हनुवटीला लागेल इतका उंच असतो. मागचा फाळका उघडायचा, जमिनीवरून वरपर्यंत एक जाड फळी लावायची आणि बायांनी डोक्यावर घमेलं घेऊन त्या फळीवरून चढायचं. मँगनीज दिसायला काळा दगड, पण वजनाला लोखंड. घमेलं अर्धंच भरलं तरी मान आत जाते.

आणि बाया भरत असताना ड्रायव्हरनं तिथं थांबायचं नाही, हा रिवाज. चढताना लुगडं वर खोचावं लागतं, पदर सरकतो. कोणाची आई, कोणाची बहीण, कोणाची सून. त्यामुळे ट्रक लावला की चावी काढायची, मोहाच्या झाडाखाली जायचं, ट्रककडे पाठ करून बिडी पेटवायची. "झालं गा भाऊ!" अशी हाक आली की उठायचं. मी तो ट्रक कित्येक वर्षं चालवला, त्याचा एकेक नट मला पाठ होता, पण तो भरतात कसा ते मी कधी धड पाहिलेलं नव्हतं.

एका सकाळी भात वाढता वाढता बायको म्हणाली, "ताईचं अंग बाहेर येते. फडकं बांधून कामाले जातात."

मला कळायला वेळ लागला. बाळंतपणं आणि वजन उचलणं यानं बायांचं गर्भाशय खाली सरकतं, बाहेर येतं, हे मला तिशी आली तरी माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दवाखान्यात ने तिला."

"चारदा म्हनून पायलं. नाई आयकत. काम सोडा म्हटलं तं माह्यावरच चिडल्या. तुमी सांगा."

"मी? मी कसं सांगू?"

खरंच, कसं सांगणार? भावा-बहिणीत हा विषय निघत नाही. तिनं मला आंघोळी घातल्या, पण तिच्या पोटाखालच्या दुखण्याचं नाव मी काढलं असतं तर ती लाजेनं विहिरीत उडी टाकायला धावली असती. मला राग आला. कोणावर आला ते सांगता येत नाही. पुढचं ताट सरकवलं आणि उठलो.

दिवसभर गाडी चालवताना डोक्यात ती फळीच. डोक्यावर लोखंडासारखं वजन आणि तसं चढायचं, दिवसातून किती वेळा कोण जाणे. सायडिंगवर माल उतरवताना माझ्या डोक्यात आलं, ताईला काम सोडायला लावता येत नाही, पण फळी तर काढता येते. ट्रकच खाली घेतला तर? डाला छातीपर्यंत आला की चढायचं कारणच नाही, जमिनीवर उभं राहून माल टाकायचा. बाप्पा, काय खूश झालो मी! इतकी सोपी गोष्ट आजपर्यंत कोणाला सुचली कशी नाही!

तुमसरला एक म्हातारा मिस्त्री होता. कानानं थोडा बहिरा, पण इंजिनाचा आवाज बरोबर ऐकायचा. मी म्हटलं, ट्रक वीतभर खाली घ्यायचा आहे.

"काहून? ट्रकले का झालं?"

"माल लवकर भरून होईन." खरं कारण सांगायची सोय नव्हती.

"सोळाची बारकी चाकं लावू का?" मी विचारलं. मी मनात सोळा इंची चाकं धरूनच गेलो होतो. तो हसला. "अरे शहाण्या, सोळाची रिम तुह्या ड्रमवर चढन का? आतमंदी ब्रेकचा ड्रम केवढा हाय पायला का कधी? वीसचीच रिम ठेवा लागन. टायर बदल."

मग त्यानं मला जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. माझ्या ट्रकला नऊशे-वीसचे टायर होते, जाड आणि उंच. त्याच रिमवर साडेसातशे-वीसचे घातले तर ट्रक तीन बोटं खाली येईल. चाकांवरच्या लोखंडी कमानीतले, म्हणजे स्प्रिंगचे, दोन-दोन पाटे काढले तर आणखी तीन बोटं. डाल्याखाली चेसिसवर लाकडाच्या जाड धन्न्या असतात, त्या काढून बारीक घातल्या की झाली वीत पुरी. पण धन्न्या आणि पाटे कमी केले की डाला चाकांवर टेकायला येतो. भरलेला ट्रक खड्ड्यात गेला की टायर डाल्याला घासणार, घासला की तापणार, तापला की फुटणार.

"म्हनून टायर बारका पायजे," मिस्त्री म्हणाला. "आन् बारका टायर हे वजन पेलत नाई. म्हनून बारका पन दमाचा पायजे, आतून कापडाच्या जास्त पदरांचा. आन् मागच्या जोडीत दोन टायरांमंदी चार बोटं जागा पायजे, नाई तं मँगनीजचा खडा मधात अटकला का दोन्ही टायर खाईन. समजलं? एवढ्या पैशात ट्रक इकून दुसरा घे ना बावा. नाकापेक्षा मोती जड करून राहिला तू."

मी म्हटलं, "मोती माह्या नाकाले जड होते, तुह्या नाई." माझं तोंड असंच.

टायरसाठी चार दिवस ट्रक उभा ठेवला. तुमसरात दोन दुकानं पाहिली. तिथं रबर चढवलेले जुने टायर होते, वरून काळेभोर, नव्या नवरीसारखे सजवलेले. मी हात आत घालून कापडाचे पदर चाचपले. एकात आतून ठिगळ, दुसऱ्याच्या बाजूला केसाएवढी चीर. दुकानदार म्हणे, "मागं लावा, मागं कोण पायते?" मी म्हटलं, "मागंच तं माह्ये मानसं हायेत." भंडाऱ्यात साडेसातशेचे मिळाले, पण कमी पदरांचे, बसगाडीचे. तसेच नागपूरला गेलो. मोठ्या शेठनं गादीवरून न उठता विचारलं, "वजन काय उचलता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "या मापात तेवढं पेलणारा टायर येतो, पण लोक घेत नाहीत, कडक असतो, गाडी उडते." मी म्हटलं, "उडू द्या." एकेक टायर उभा करून लाथा मारल्या, कडेच्या तारेवरून बोट फिरवलं, आतून टॉर्च मारून पाहिला. पोरीचं स्थळ पाहायला गेलेला बापही इतका बारकाईनं पाहत नसेल. सहाही नवे घेतले, आणि बायकोच्या कानातलं विकून घेतले. तिनं स्वतःहून काढून दिलं होतं.

मिस्त्रीनं काम केलं. घरी आणून ट्रक अंगणात उभा केला आणि बायकोला फाळक्यापाशी उभं केलं, कारण ती आणि ताई एकाच उंचीच्या. डाला बरोबर तिच्या छातीला लागला. ताई दारात उभी राहून बघत होती.

"हे का केलं गा?" ती म्हणाली.

"माल लवकर भरते," मी म्हटलं.

ती पुढं आली, टायरवरून हात फिरवला. बायकोनं तिला आधीच सांगितलेलं असणार. तिचे डोळे भरले होते, हे मी स्वतः पाहिलं. "लयच भारी हायेत," एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला कोणी राज्य दिलं असतं तरी त्याहून जास्त आनंद झाला नसता.

दुसऱ्या दिवशी खाणीवर ट्रक लावला. मुकादमानं गोल फिरून पाहिलं. "वा, आता फळीची गरज नाई. खालूनच टाका वो बायांनो! आन् माल सारखा कराले डाल्यात वर बाई उभी कायले? माल सारखा तू करत जा गा शेवटी, फावडं घेऊन."

"करतो ना," मी म्हटलं. अगदी आनंदानं म्हटलं. तेवढंच माझंही अंग हलेल, बायांचा एक त्रास कमी.

बाया ट्रककडे बघत उभ्या होत्या. टोळीतली सगळ्यात मोठी, तिला सगळे काकी म्हणत, ती माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, बिचाऱ्यांना सुख पाहायची सवय नाही. मी मोहाखाली जाऊन पाठ करून बसलो. त्या दिवशी तीनऐवजी चार खेपा झाल्या.

आठवडाभरानं काकी माझ्याजवळ आली. पदर डोक्यावर घेऊन, बाजूला बघत म्हणाली, "गा भाऊ, ट्रक पयलेच बरा होता."

माझं डोकंच फिरलं. चार दिवस मी वणवण हिंडलो, बायकोचे कान बुच्चे केले, आणि ही म्हणते पयलेच बरा होता! मी म्हटलं, "तुमाले ना काकी, सुख पचत नाई. जा, कामाले लागा."

ती निघून गेली. पुन्हा तो विषय काढायला आली नाही. मी तिला 'काहून?' असा एक शब्द विचारला असता तर... पण नाही विचारला. रागावलेल्या माणसाला कान नसतात.

ताईला मी अधूनमधून विचारायचो, "आता बरं पडते ना?" ती म्हणायची, "बरं हाय." ती वाळत चालली होती. संध्याकाळी चूल न पेटवता झोपायची. बायको म्हणायची, ताई फार थकल्यासारख्या दिसतात. मी म्हणायचो, चार खेपा होतात ना आता, थकवा येणारच. सुमार बुद्धीच्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, तसं माझ्याकडे होतं.

सव्वा महिना असा गेला. एका दुपारी मोहाखाली बसलो होतो. "झालं गा भाऊ" अशी हाक येण्याऐवजी किंचाळी आली. वळलो. बायांनी पदर ताणून कडं केलं होतं आणि आत कोणीतरी जमिनीवर होतं. मी धावलो. काकीनं वाटेतच माझ्या छातीवर हात ठेवून थांबवलं.

"तिकडं येऊ नको. आन् आता आयक, त्या दिवशी नाई आयकलं ते."

मग तिनं सांगितलं, आणि मी ऐकलं. ताई फळीवरून वजन घेऊन चढतच नव्हती. दोन वर्षांपासून चढत नव्हती. टोळीची रीत होती. आठांतली जी पोटुशी असेल, ओली बाळंतीण असेल, जिचं दुखणं असेल, तिनं सकाळी एकदा हात धरून वर जायचं आणि दिवसभर डाल्यात उभं राहायचं. खालून आलेल्या बाईच्या डोक्यावरचं घमेलं नुसतं कलतं करायचं, रिकामं खाली टाकायचं, पायापुढचा माल सारखा करायचा. वजन एकही उचलायचं नाही. तिच्या वाटचं सातजणी वाहायच्या आणि मजुरी आठ ठिकाणी सारखी वाटायची. त्याला 'वरची जागा' म्हणत. मुकादमाला वाटायचं वर बाई लागतेच, म्हणून तो बोलत नसे. ताईला अंगाचं दुखणं सुरू झाल्यापासून ती जागा तिची होती.

"तू ट्रक खाली घेतला," काकी म्हणाली, "तं वरची जागाच गेली. आता खाली उभं राहून आठीजनींनी घमेलं छातीवरी उचलून फेका लागते. तिनंही. फळीनं तं नुसती मान जाते. यानं सारं पोटावर येते."

मी विचारलं, "तिनं मले काहून नाई सांगितलं?"

"आमी सांगतो म्हटलं तं तिनं शपथ घातली. म्हने, माह्या भावानं माह्यासाठी केलं, त्याचं तोंड पडन."

ताईला कॅबिनमध्ये झोपवलं. वाटेत घरून बायकोला घेतलं; ती आणि काकी दोन्ही बाजूंनी धरून बसल्या. खाणीपासून भंडाऱ्यापर्यंत मी तो ट्रक चालवला. पाटे कमी केलेले, टायर कडक. रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ वर येत होता. हळू चालवला तर उशीर होतो, जोरात चालवला तर ती कण्हते. ती कण्हायची आणि लगेच म्हणायची, "काही नाई, चालव." मी रडत होतो आणि गिअर टाकत होतो. लाजायला वेळ नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाहेर आल्या आणि मला बाजूला घेतलं. अंग कधीचं आत जात नव्हतं, त्याला जखमा झाल्या होत्या, त्या चिघळून विष रक्तात गेलं होतं. "आधी आणलं असतं तर काढून टाकता आलं असतं," त्या म्हणाल्या. "या अवस्थेत इतकं वजन उचलायला हिला कोणी लावलं?" मी म्हटलं, "कामच तसं आहे जी." खोटं बोललो.

अकरा दिवस ती तिथं होती. मी खाटेपाशी बसून राहायचो आणि माफी मागायचे शब्द जुळवायचो. पण माफी मागायची तर तिच्या दुखण्याचं नाव घ्यावं लागणार, आणि मग तिनं लपवलेलं सगळं मला कळलं, हे तिला कळणार. दोघंही एकमेकांपासून तेच लपवत बसलो. शेजारच्या खाटेवर दिघोरीकडची एक बुढी होती. ताप उतरला की ताई तिच्याशी बोलायची.

"हा माहा भाऊ. माह्यासाठी यानं ट्रक खाली घेतला. नागपूरवरून टायर आनले, सहाच्या सहा नवे. तुह्या भावानं केलं का वो असं काही?"

बुढी म्हणायची, "नाई बाई, आमच्या नशिबात कुठचा असा भाऊ!"

हे रोज चालायचं. ज्या दिवशी तिला बोलता येईना, त्या दिवशी बुढीनंच आलेल्या-गेलेल्यांना ते सांगितलं. ताईनं नुसती मान हलवली. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ती गेली.

तेरवीला सगळे नातेवाईक आले. टोळीतल्या सातजणी खाडा करून आल्या आणि एका ओळीत पंगतीला बसल्या. मी वाढायला होतो. बालाघाटहून आलेली ताईची पोरगी रडत रडत सगळ्यांना सांगत होती की मामानं माझ्या मायसाठी ट्रक बदलला, मामीनं कानातलं दिलं. ऐकून मामाजी, म्हणजे माझे सासरे, मोठ्यानं म्हणाले, "भाऊ असावं तं असा! काहो बाई, तुमी तं सोबत होत्या, तुमी सांगा."

त्यांनी काकीला विचारलं होतं. बाकीच्या सहाजणींनी माना खाली घातल्या. काकीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं खरं सांगितलं असतं तर मी तिथंच सगळ्यांसमोर तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं, असं मला आजही वाटतं. पण तिनं माझं तोंड पाहिलं, त्या पोरीचं पाहिलं आणि म्हणाली,

"हो जी. भावानं लय केलं."

"नाही" हा एक शब्द मला म्हणायचा होता. मी तिच्या पत्रावळीवर भात वाढला आणि पुढच्या बाईकडे सरकलो.